बुद्धांसाठी वीस मिनिटं

ठाण्याच्या कोपरीतल्या सुमेध सोसायटीत कुणाची किती पत आहे हे बघायचं असेल, तर त्याचा फ्रिज बघावा. स्वप्ना भालेरावच्या फ्रिजवर मॅग्नेटचे अकरा देश चिकटलेले होते आणि त्यातल्या एकाही देशात भालेरावांपैकी कुणी पाऊल ठेवलेलं नव्हतं. परदेशी जाऊन आलेल्याने सगळ्या मजल्यांवर वस्तू वाटायच्या, हा सोसायटीचा रिवाज. त्यामुळे घरात बोलणंही तसंच चालायचं.

"कोथिंबीर कुठंय?"

"पॅरिसच्या मागे, खालच्या कप्प्यात."

एकदा दार जरा जोरात लागलं, तर सिंगापूरचा सिंह सुटून महेंद्रच्या अंगठ्यावर पडला. स्वप्नाचा हा नवरा दोन दिवस लंगडत ऑफिसला गेला आणि विचारेल त्याला "सिंहामुळे" असं खरं कारण सांगत राहिला.

अशा या घराने थायलंडची टूर बुक केली आणि नागरिकहो, तिथून पीडा सुरू झाली!

पहिली आली समोरची सरोज. "मजा आहे बाबा तुमची! मला काही नको हं. फक्त ते गुडघ्याचं बाम आण. हिरवं. पिवळ्याने काही होत नाही."

मग वरच्या मजल्याला काही नको होतं, फक्त हत्तीची कीचेन हवी होती. ऑफिसलाही काही नको होतं, फक्त चॉकलेट्स. काहीच नको असलेल्यांची संख्या इतकी वाढली, की महेंद्र म्हणाला, "आपण कपडे न्यायलाच नको. जागा जाते."

"आई, तुम्हाला काय हवंय तिथलं?" स्वप्नाने सासूबाईंना विचारलं.

कांताबाई ठाण्याच्या एका हॉस्पिटलात आयुष्यभर नर्स होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांनी नुसतं रोखून बघितलं की सोसायटीतले लोक आपसूक बाही वर करायचे.

"मला बँकॉकच्या त्या निजलेल्या बुद्धांसमोर जरा बसायचंय," त्या म्हणाल्या. "आजवर जिथे गेले तिथे मागून 'चला, पुढे चला' ऐकलं. बोधगयेला मी डोळे मिटले, उघडले तर चपलांच्या स्टँडपाशी! गर्दीनेच उचलून नेलेलं. आता गुडघे चालतायत तोवर एकदा शांत बसू दे. बाकी काही नको." हे म्हणणाऱ्या त्या एकट्याच, ज्यांना खरंच बाकी काही नको होतं.

"बसा की आई! पाहिजे तेवढं बसा!"

बँकॉकमध्ये टूर मॅनेजर होता डोंबिवलीचा सौमित्र. नारिंगी छत्री उंच धरून चालायचा. सकाळी बसमध्ये माइक हातात घेऊन म्हणाला, "आज दागिन्यांच्या शोरूमला दोन तास, चामड्याच्या दुकानाला एक तास, मग मधाचं दुकान, तिथे चाखायला देतात. मध्ये मंदिर, वीस मिनिटं. बुद्ध निजलेलेच आहेत, पटकन बघून होतात!"

बस हसली. स्वप्नाही हसली. कांताबाई हसल्या नाहीत.

तोवर स्वप्नाची खरेदी शिगेला पोचली होती. बॅगेत जागा व्हावी म्हणून महेंद्रच्या तीन पँटी हॉटेलातच राहिल्या. त्या आता थायलंडच्या रहिवासी झाल्या असतील. तरीही मंदिराच्या दारात बस थांबली, तेव्हा स्वप्नाच्या लक्षात आलं, की सात हत्ती कमी पडतायत! आणि समोरच हत्तींच्या टपऱ्या!

महेंद्र मोबाइलवर शूटिंग करत लोकांबरोबर आत गेला. स्वप्नाने सासूबाईंना बाहेरच्या बाकावर बसवलं. काही पिशव्या त्यांच्या मांडीवर, काही पायाशी, एक खांद्याला.

"दोन मिनिटं सांभाळा हं आई. आलेच!"

घासाघीस ती ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारात शिकलेली. दुकानदारीण कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवायची, स्वप्ना तो पुसून आपला टाकायची. शेवटी दुकानदारीण हरली. सात हत्ती मुठीत घेऊन स्वप्ना विजयी मुद्रेने परतली, तर सौमित्रची शिट्टी वाजत होती आणि लोक बसमध्ये चढत होते.

कांताबाई तशाच बाकावर होत्या. तिथून दारातून आतला एवढासा सोनेरी कोपरा दिसत होता. त्या त्याच्याकडे तोंड करून, पिशव्यांवरून हात पुढे काढून, हात जोडून बसल्या होत्या.

"आई... तुम्ही आत नाही गेलात?"

"पिशव्या होत्या ना गं. तू सांभाळा म्हणालीस, मी सांभाळल्या. एकही हत्ती हलला नाही."

स्वप्नाने मुठीतले सात हत्ती एका पिशवीत टाकले.

"रागावले नाहीये," कांताबाई म्हणाल्या. "तू लोकांसाठी धावतेस, चांगलंच आहे. पण मला सांग, आपल्या फ्रिजवर अकरा देश आहेत. त्यातल्या एका तरी माणसाने तिथे काय बघितलं ते सांगितलंय आपल्याला? आणि आपण तरी विचारलंय?"

स्वप्ना आठवू लागली. पॅरिसला गेलेल्यांनी पाण्याची बाटली किती महाग होती ते सांगितलं होतं. बस्स! अख्ख्या पॅरिसबद्दल तिला एवढंच माहीत होतं! आणि आपण? आपण घरी जाऊन बुद्धांबद्दल काय सांगणार होतो? हत्ती स्वस्तात मिळाले?

तिने सगळ्या पिशव्या उचलल्या आणि सौमित्रच्या गळ्यात, खांद्यावर, छत्रीच्या दांड्यावर अडकवल्या.

"अहो मॅडम, बस निघतेय!"

"बसला ब्रेक असतो. चला आई!"

आत सोन्याचा डोंगर आडवा झाला होता. उशाला हात, चेहऱ्यावर समजुतीचं हसू. मागे लोक एकामागून एक भांड्यांत नाणी टाकत होते, टण, टण, टण. कांताबाई एका खांबापाशी पाय दुमडून बसल्या, त्रिशरण पुटपुटल्या आणि गप्प झाल्या. स्वप्ना शेजारी बसली. सुरुवातीला तिच्या डोक्यात हिरवं की पिवळं हेच चाललेलं. मग तेही थांबलं.

बाहेर सौमित्रने बसमधल्या प्रभाकरकाकांना या दोघींना बोलवायला पाठवलं. काका तावातावाने आत आले. 'चला' म्हणायला तोंड उघडलं, इतक्यात कांताबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. काकांनी बाही वर केली आणि ते खाली बसले. काकांना शोधायला काकू आल्या, त्याही बसल्या. मग महेंद्र आला. त्याने मोबाइल खिशात टाकला. एकेक करत अख्खी बस आत आली. शेवटी ड्रायव्हर आला, त्याने तीनदा वाकून नमस्कार केला आणि तोही बसला. 'पुढे चला' म्हणायला आता मागे कुणी उरलंच नव्हतं!

बऱ्याच वेळाने सगळे बाहेर आले, तर सौमित्र छत्रीखाली एकटा उभा. अंगावर एकही पिशवी नाही. हातात चुरगळलेल्या नोटा.

"मॅडम, परदेशी लोकांना वाटलं मी फेरीवाला आहे," तो रडवेला होऊन म्हणाला. "मी 'नो, नो' म्हणत होतो. त्यांना वाटलं मी भाव वाढवतोय. हत्ती गेले. बाम गेलं. हिरवं आधी गेलं."

स्वप्ना इतकी हसली की तिला कठड्याला धरावं लागलं. त्या नोटा तिने मंदिराच्या दानपेटीत टाकल्या. मधाचं दुकान राहिलं ते राहिलंच.

कोपरीत बॅगा जिन्यात असतानाच सरोजचं दार उघडलं. "जय भीम कांताकाकी! काय आणलंस गं स्वप्ना?"

स्वप्ना गोरीमोरी झाली. कांताबाई पुढे झाल्या. "आत ये. खुर्चीत बस. आता थोडा वेळ बोलायचं नाही."

सरोज गप्प बसली. सोसायटीला याची सवयच नव्हती. काय झालं ते बघायला वॉचमन वर आला. त्यालाही बसवलं.

मग कांताबाई सांगू लागल्या. बुद्धांच्या तळपायांवरचं शिंपल्यांचं जडावाचं काम, ती नाण्यांची टणटण, तो ड्रायव्हर. मध्येमध्ये स्वप्ना भर घालत होती आणि आपल्याला एवढं सगळं आठवतंय याचं तिचं तिलाच नवल वाटत होतं. सगळं सांगून झालं. सरोज उठेना.

"काकी," ती हळूच म्हणाली, "तो चेहरा कसा होता, ते परत एकदा सांगा ना."

मित्रहो, प्रवासाला गेलेल्या माणसाच्या बॅगेत आपण आपल्या मागण्या भरतो आणि त्याचे डोळे मात्र रिकामे घरी आणतो. हे थांबवू या. शेजारी परदेशाहून आला, की 'काय आणलंस' विचारू नका. 'काय बघितलंस' विचारा, आणि तो सांगत असताना उठू नका.

बाम काय, ठाणे स्टेशनबाहेरही मिळतं. हिरवंसुद्धा.