लिबलिबू आणि प्रतापनगरचे चालते कूलर

प्रतापनगरातल्या एका चार मजली इमारतीत मयुरीचं घर होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरातली कामं वाटली जात तेव्हा कूलर तिच्या वाट्याला येई. काम काही अवघड नव्हतं. दर रविवारी टाकीतलं शिळं पाणी काढायचं, तळ घासायचा आणि ताजं पाणी भरायचं. मयुरीनं मे महिना लागल्यापासून ते एकदाही केलं नव्हतं. "घासली का वं टाकी?" असं आईनं विचारलं, की ती पुस्तकातून मान वर न काढता "हो" म्हणायची.

मग एका सकाळी कूलरमधून असा काही वास यायला लागला, की नानाजींनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, आपले मोजे हुंगून बाहेर टाकले. मोज्यांचा काहीच दोष नव्हता. मयुरीनं गुपचूप कूलरची जाळी काढली आणि आत डोकावलं.

टाकीच्या कोपऱ्यात गुलाबजामाएवढा एक हिरवा, बुळबुळीत गोळा बसला होता. त्याला दोन डोळे होते. आधी एक मिटला, मग दुसरा. मयुरी किंचाळणार, तेवढ्यात तो गोळाच घाबरून किंचाळला, "बुळ्ळुळुळुक!" आणि टाकीच्या पंपामागे जाऊन लपला.

आपल्यापेक्षा जास्त घाबरणारं कुणी भेटलं, की माणूस लगेच शूर होतो. मयुरीनं त्याचं नाव लिबलिबू ठेवलं. तिनं त्याला बिस्किट दिलं, ते त्यानं थुंकलं. भात दिला, तो तिच्या नाकावर थुंकला. शेवटी तिनं आईच्या सावजी रश्शात बोट बुडवून पुढे केलं. तो रस्सा असा होता, की पुण्याहून आलेले पाहुणे एक घास खाऊन रडत रडत नळ शोधायचे. लिबलिबूनं बोट चाटलं. तो लाल झाला, मग जांभळा झाला, कानांतून वाफ सोडली (कान त्याला तेव्हाच उगवले), आणि पुन्हा हिरवा होऊन दुप्पट मोठा झाला.

त्या दिवसापासून तो तिला हाक मारायला लागला. त्याला 'र' म्हणता येत नसे. "मऽयूयी," तो बुडबुडायचा, "मऽयूयी." आणि ती वाटी घेऊन यायची.

तो कलिंगडाएवढा झाला त्या दिवशी आई म्हणाली, "आज मीच घासते टाकी. तुह्या घासण्यावर माहा भरोसा नाही राहिला."

टाकी उघडली की सगळंच उघडं पडणार होतं. आई भाजी घ्यायला गेली तशी तिनं लिबलिबूला बादलीत घातलं, गच्चीवर नेलं आणि सगळ्या इमारतीला पाणी पुरवणाऱ्या मोठ्या टाकीचं झाकण उघडलं. 'इथं भरपूर पाणी आहे, त्याचंच बरं होईल,' असं तिनं स्वतःला सांगितलं. लिबलिबूनं तिचं बोट घट्ट धरून ठेवलं होतं. तिनं ते ओढून सोडवलं.

"उद्या येते," ती म्हणाली, आणि झाकण लावलं.

ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी भीती वाटली, तिसऱ्या दिवशी लाज वाटली, आणि मग न जाणंच सवयीचं झालं. टाकीतलं पाणी मात्र लिबलिबूचे हिरवे थेंब घेऊन नळानळातून खाली येत राहिलं, आणि घराघरातल्या कूलरमध्ये भरलं जात राहिलं.

ज्या दुपारी सगळं सुरू झालं, त्या दुपारी ऊन असं होतं, की रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा सावली बदलताना पाय उचलून उचलून चालत होतं. समोरच्या बिऱ्हाडातल्या यमुताईंच्या खिडकीतला कूलर अचानक जोरात शिंकला. त्यानं आपला पंखा उलटा फिरवला, लोखंडी स्टँडचे चार पाय झाडले आणि धप्पकन खाली उडी मारली. जाळीच्या आत दोन हिरवे डोळे लुकलुकत होते. त्याच्या मागोमाग दुसरा उतरला, तिसरा उतरला. बघता बघता सगळी गल्ली कूलरांनी भरली. ते खडखड करत चालत होते, आणि ज्या कूलरवर त्यांचे शिंतोडे उडत, तोही उठून चालायला लागत होता.

त्यांना तहान लागली होती. रसवंतीवाल्याचा रस त्यांनी पिऊन टाकला, कलिंगडांचा ढीग सालासकट गिळला, पाण्याचा टँकर चोखून चपटा केला. यमुताई झाडू घेऊन आपल्या कूलरमागे धावल्या, तर त्यानं जाळी उघडून त्यांनाच गिळलं.

"यमुताई!" मयुरीची आई खिडकीतून ओरडली. "जित्या आहा ना वं?"

कूलरच्या आतून आवाज आला, "हो वं, मैनाबाई! अंदर लय गारगार आहे. बाहेर किती ऊन आहे?"

"शेहेचाळीस!"

"मग राहू द्या मले अंदरच!"

संध्याकाळपर्यंत ही साथ शहरभर पसरली. मयुरीचे बाबा, हेमराज, गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला होते. त्यांचा काउंटरखालून फोन आला, की बाजारात कूलर शिरलेत, आणि एकानं काठापदराचं लुगडं अंगाभोवती गुंडाळून घेतलंय आणि ते त्याला शोभूनही दिसून राहिलंय.

सगळे कूलर चालताना एकच आवाज काढत होते. "ऽयूयी... ऽयूयी..." कुणी म्हणालं पंखा घासतोय, कुणी म्हणालं मोटर बिघडली. मयुरीला पहिल्याच हाकेला कळलं होतं. तिनं उशीखाली डोकं घातलं. उशीतूनही ऐकू येत होतं.

इमारतीचे सेक्रेटरी महादेवराव यांनी जिन्यावर सगळ्यांना जमवलं. त्यांच्या हातात कर्णा होता, आणि जिना अरुंद असूनही ते त्यातूनच बोलत होते.

"हे कोणाचं काम आहे? आपल्याच बिल्डिंगीतून सुरू झालं हे! कूलरमंधी कोणं काय टाकलं?"

सगळ्यांच्या नजरा मोहितकडे वळल्या. मोहित मयुरीचा मामेभाऊ, तिच्याहून वर्षभरानं लहान, सुट्टीला उमरेडहून आलेला. काही फुटलं, सांडलं किंवा हरवलं, की लोक आधी मोहितकडे बघत, आणि बहुतेक वेळा ते बरोबरच निघे.

मोहितचा चेहरा पांढरा पडला. "मीच केलं," तो म्हणाला. "आत्या मले खोकल्याचा काढा देते ना, तो कडू लागते. मी रोज कूलरमंधी ओतत होतो."

"काढा!" महादेवराव कर्ण्यातून गरजले. "मयुरे, तुले माहीत होतं का हे?"

आता सांगायला हवं होतं. मयुरीनं तोंडही उघडलं. पण आई समोर उभी होती, शेजारपाजारचे सगळे बघत होते, आणि 'मी' हा एवढासा शब्द काही बाहेर येईना. त्याऐवजी दुसराच शब्द आला.

"हो," ती म्हणाली.

मोहितनं तिच्याकडे पाहिलंही नाही. तो आपल्याच पायांकडे बघत होता.

त्यानंतर सगळे दारं लावून घरात बसले. मोहित जेवेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मधेच उठून तो आईला विचारायचा, "आत्या, यमुताई मेल्या तर मले जेलात टाकतीन का?" आई म्हणायची, "मरत नाही बाप्पा ती, आत्ताच चहा मागून राहिली होती." तरी त्याचे डोळे भरून यायचे. मयुरीनं त्याला आपल्या वाट्याचा आंबा दिला. तो म्हणाला, "तू किती चांगली आहेस वं," आणि मयुरीला तो आंबा त्याच्या हातातून हिसकावून खिडकीबाहेर फेकावासा वाटला.

नानाजी अर्धे बहिरे होते. उमरेडला हातमागावर आयुष्य गेलं, त्या खटखटीत कान गेले. ते खिडकीशी बसून बराच वेळ बाहेरचा गोंधळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "काहून वं मयुरी, हे डबे तुह्यं नाव घेऊन काहून फिरून राहिले?"

"कुठं, नानाजी? मोटरचा आवाज आहे तो."

"असंन बा," नानाजी म्हणाले. त्यांनी लगेच विश्वास ठेवला, आणि तेच तिला जास्त लागलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा जरा डोळा लागला असताना मयुरीला खालून भांड्याचा आवाज आला. तिनं वाकून पाहिलं. मोहित एकटाच रस्त्यावर उभा होता. डोक्यावर पातेलं, हातात फरशी पुसायचा पोछा. समोरून सगळ्यांत मोठा कूलर येत होता, मंगल कार्यालयातला, ट्रकएवढा. त्याच्या जाळीआड जे डोळे होते ते मयुरीनं लगेच ओळखले. आधी एक मिटायचा, मग दुसरा. गच्चीवरच्या टाकीतून निघून लिबलिबू स्वतःच त्यात शिरला होता.

मोहितनं पोछा खाली ठेवून हात जोडले. "कूलरसाहेब, माफ करा. काढा मी ओतला होता. मले काय करायचं ते करा, पण बाकीच्यांले सोडा."

कूलरनं जाळी उघडली आणि त्याला पातेल्यासकट गिळून टाकलं.

मयुरी जिना कशी उतरली ते तिला पुढे कधी आठवलं नाही. चपला घालायच्या राहिल्या, डांबर तव्यासारखं तापलं होतं, आणि ती नाचत नाचतच त्या ट्रकएवढ्या कूलरसमोर पोचली.

"लिबलिबू! थांब! त्याले सोड! मी आहे इथं!"

पंखा थांबला. गल्लीतले सगळे कूलर थांबले. सगळ्या खिडक्या उघडल्या.

"त्यानं काही नाही केलं," मयुरी ओरडली. ओरडायची गरज नव्हती, पण हळू बोलली असती तर आवाज फुटला असता. "काढ्यानं काही झालं नाही. मी टाकी घासतच नव्हती. मी तुले पाळलं, रस्सा खाऊ घातला. आणि आई पकडंन म्हणून तुले वरच्या टाकीत टाकून दिलं. मग सगळे मोहितले बोलले, तर मी 'हो' म्हटलं. मी खोटं बोलली."

वरून महादेवरावांच्या कर्ण्यातून फक्त श्वासाचा आवाज येत होता. आई खिडकीत उभी होती. मयुरीनं तिकडे बघायचं टाळलं.

"आणि तुलेबी मी खोटंच बोलली," ती कूलरला म्हणाली. आता मात्र आवाज फुटलाच. "उद्या येते म्हटलं होतं. आली नाही."

जाळीतून एक लांब, हिरवं, बुळबुळीत बोट बाहेर आलं आणि तिच्या बोटाला चिकटलं. "मऽयूयी," लिबलिबू म्हणाला, आणि त्यानं भोकाड पसरलं. तो रडला तसे सगळे कूलर रडले. प्रतापनगरात, गांधीबागेत, पार कोराडीच्या रस्त्यापर्यंत, जिथे जिथे ते होते तिथे तिथे गार पाण्याच्या धारा लागल्या. रडता रडता त्यांनी जाळ्या उघडल्या आणि आतली माणसं बाहेर टाकली. यमुताई तर कुरकुरतच बाहेर आल्या.

मोहित मयुरीच्या पायाशी येऊन पडला, निथळत, पातेलं कानापर्यंत घसरलेलं. आतून त्यानं सगळं ऐकलं होतं. तो उठला, तिच्याकडे पाहिलं आणि जिना चढून गेला.

इमारतीमागच्या मोकळ्या जागेत एक जुनी विहीर होती, कधीपासूनची आटलेली. मयुरी पुढे चालली आणि मागून कूलरांची रांग. विहिरीच्या काठाशी येऊन एकेका कूलरमधून हिरवा गोळा टपकन आत उडी घेई आणि खाली दुसऱ्यात मिसळून जाई. शेवटी लिबलिबू उतरला. विहीर काठोकाठ भरली, आणि तिच्यावर दोन डोळे तरंगायला लागले.

रिकामे कूलर मात्र रस्त्यातच उभे राहिले. कुणाचा कोणता यावरून पुढे कितीतरी दिवस भांडणं चालली. यमुताईंनी मंगल कार्यालयाचा कूलर आपलाच आहे असं शपथेवर सांगितलं.

आई रागावली नाही, हे सगळ्यांत वाईट झालं. ती एवढंच म्हणाली, "बिल्डिंगीतल्या सगळ्या टाक्या तू घासायच्या. आणि रोज विहिरीवर जायचं. तू म्हटलं होतं ना त्याले, येते म्हणून?" मयुरीनं टाक्या घासल्या. हात सोलवटले, तेव्हा तिला जरा बरं वाटलं. पण मोहित तिच्याशी बोलत नव्हता. ताटावर शेजारी बसायचा, मीठ हवं असलं तर नानाजींना मागायचा. नानाजींना ऐकू जायचं नाही, तर तो अळणीच जेवायचा.

सुट्टी संपायच्या आधीच तो उमरेडला निघाला. मयुरी बाबांबरोबर त्याला बसवर सोडायला गेली. बाबा तिकिटाचं बघायला गेले. दोघं खिडकीच्या अल्याड-पल्याड राहिली.

"तुले कूलरनं गिळलं तेव्हा भेव वाटलं का?" मयुरीनं विचारलं.

मोहित समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिला. मग तो म्हणाला, "गिळल्यावर नाही. त्याच्या आधी. मले वाटलं होतं सगळे माह्यामुळंच मरतीन. आणि तू आंबा देऊन राहिली होती."

माफ कर, असं मयुरी याआधी बरेचदा म्हणाली होती. पुन्हा म्हणाली.

बस सुरू झाली. मोहितनं खिडकीची काच अर्धी लावली, मग थांबला.

"आज मी तुह्याशी बोलणार नाही," तो म्हणाला. "उद्या फोन कर."

"नक्की करते."

"बघू," मोहित म्हणाला, आणि उरलेली काच लावून घेतली.