नागाची झाळ

आमच्या घरात पोटुशी सुनेच्या डाव्या दंडात चांदीचा नाग घालतात. सातव्या महिन्यात घालाचा, बाळंत झाल्यावर काढाचा. तीन वेढे, वर फना, डोळ्यात लाल खडे. नाग जुनी कात टाकते अन् नवा होते, म्हनून तो वंशाचा राखनदार. मी मनकर्णा, बार्शीटाकळीची. माह्या सुनेच्या, दीपमालाच्या दंडात मीच तो चढवला. घट्ट होते म्हने ती. मी म्हनलं, नखरे नको करू, माह्याही दंडात होता.

नागपंचमीच्या सकाळी तिचं बीपी चढलं. हात, पाय, तोंड, सगळी सुजली. माह्या पोरानं, शिवमनं, गाडी काढली अन् अकोल्याच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "लगेच सिझेरियन करावं लागेल. हे आधी काढा, हात निळा पडतोय." नर्सनं साबन लावला, तेल लावलं. नाग मांसात रुतून बसला होता. अंगठी कापाची त्यांची कातरी त्या जाड चांदीले पुरली नाही.

शिवमनं अकोल्यातल्याच अब्दुल रहीमभाऊले फोन केला. आमची चांदी घडवाचं काम त्यांच्या अब्बापासून त्यांच्याकडेच. ते बारीक करवत घेऊन आले, अन् मी दारात आडवी झाली.

"आज पंचमी हाय. आज आमी भाजी चिरत नाही, तवा ठेवत नाही. अन् नागावर करवत चालवू देऊ?"

"आई, बाजूले हो," शिवम म्हने.

"तुह्या येळेले मी बेशुद्ध होती. शुद्धीवर आली तं नाग पाटावर. सासूबाईनं सांगतलं, त्यानं आपल्या मनानं सोडलं तुले. हे पाह्य, जाता जाता त्याचा दात टेकला," मी दंडावरचा व्रन दाखवला. "आताही सोडन तो. थोडं थांबा."

"ऑपरेशन मी करणारच," डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "पण मग हा हात वाचेल की नाही, सांगता येणार नाही. पाच मिनिटं देते."

"भाभी, तुमच्या देवाचं काम हाय," रहीमभाऊ म्हने. "तुमी हो म्हना. तुमच्या बिगर मी हात लावनार नाही."

खरं सांगते, तव्हाही मले नागाचीच भीती होती, पोरीची नाही. इतकी मी आंधळी.

दीपमाला रडली नाही. फक्त म्हने, "आई, मले माही बोटं समजून नाही राहिली."

मी तिचा हात धरला. थंडगार. बोटं वांग्यासारखी जांभळी. याच हातानं तिनं सकाळी नागोबाले लाह्या वाहिल्या होत्या.

"कापा, रहीमभाऊ. पाप लागीन तं मले लागीन."

त्यांनी चांदीच्या खालून पत्र्याची पट्टी सरकवली अन् करवत चालवली. पोरीनं ओठ चावून धरला. मी मनातल्या मनात नागोबाची माफी मागत होती. शेवटी कट्ट झालं, नाग उघडला. पोरीले लगेच आत नेलं.

बाहेर बाकावर रहीमभाऊ डोळ्याले भिंग लावून तो नाग फिरवून पाहत बसले. पाहता पाहता थांबले.

"भाभी, हा तं आधीच एकदा कापलेला हाय."

पोटाकडून, दुसऱ्या वेढ्यात, केसाएवढी रेघ. कापून पुन्हा जोडलेली. "ही जोडाची झाळ अब्बाच्या हातची हाय. शेवटी बारीक टिंब ठेवाची त्यांची सवय होती."

मी नाग माह्या दंडावर धरून पाहला. ती रेघ बरोबर माह्या व्रनावर आली. नागाचा दात नव्हता तो. करवत होती.

पार्बताबाई, माही सासू. जन्मभर तिले मी दगडाच्या काळजाची म्हनलं. तिनं माह्यासाठी नाग कापून घेतला, अन् ते पाप एकटीनं गिळून मरून गेली. मी बाकावर बसून हमसून हमसून रडली. शिवमले वाटलं दीपमालाचंच काही झालं.

मंग नर्स आली. पोरगी झाली. माय बरी हाय, बोटं हलवून राहिली.

रहीमभाऊंनी डोळे पुसले, नाग रुमालात बांधला. "असा जोडून आनतो भाभी, कोनाले जोड दिसनार नाही."

"नको," मी म्हनलं. "झाळ वरूनच दिसू द्या. पुढच्या सासूले दारात आडवं व्हा लागू नये."