दुहेरी शिलाईचा पट्टा

रुग्णालयाच्या शिवणखात्यात चाळीस वर्षं चादरी आणि गाऊन शिवून ताई निवृत्त झाल्या, आणि रिकामं बसवेना म्हणून गवत कापायची जुनी यंत्रं दुरुस्त करू लागल्या. शिकल्या कुठे, तर कुठेच नाही. कुणीतरी फेकायला काढलेलं एक यंत्र त्यांनी उचलून आणलं, चार दिवस मागच्या शेडमध्ये ते उघडून बसल्या आणि पाचव्या दिवशी ते खोकत खोकत सुरू झालं. झालं, तेव्हापासून सगळी गल्ली त्यांच्या दारात यंत्रं आणून टाकू लागली.

ताईंच्या दुरुस्त्या बघण्यासारख्या असत. ओढायची दोरी तुटली की पडद्याची दोरी. हवेची गाळणी कुजली की उशीतला स्पंज. चाक निखळलं की बाबागाडीचं चाक; मग ते यंत्र एका अंगाला कलून चालायचं. “चालतंय ना?” असं ताई कमरेवर हात ठेवून विचारायच्या, आणि चालत असायचं, त्यामुळे पुढे कोण काय बोलणार!

या यंत्रांच्या दांड्याला एक कडी असते. दांड्याबरोबर ती मुठीत दाबून धरली तरच खालचं पातं फिरतं. हात सुटला की पातं थांबतं. पण कात्री चालवून चालवून ताईंची बोटं आखडली होती. पाच मिनिटं कडी दाबली की कोपरापर्यंत कळ जायची. म्हणून त्यांनी जाड कापडाचा पट्टा शिवला आणि कडी दांड्याला कायमची आवळून झाकून टाकली. बंद करायचं तर पेट्रोलचा खटका फिरवायचा. हात मोकळे! बोटं दुखणाऱ्या आणखी तिघांना त्यांनी तसेच पट्टे शिवून दिले, दुहेरी शिलाई मारून.

असंच एक पट्टेवालं यंत्र दोन वर्षांपूर्वी त्यांनी धाकट्या भावाला दिलं. भाऊ सहा फूट उंच, साठी उलटलेला, वाचनालयातून निवृत्त झालेला. पण घरात अजून छोटूच. यंत्रांच्या बाबतीत ठार अडाणी. तो पट्टा म्हणजे हाताला दांडा रुतू नये म्हणून ताईने प्रेमाने शिवलेली गादी, अशीच त्याची समजूत होती.

एका सकाळी घरामागच्या उतारावर ओल्या गवतात छोटूचा पाय घसरला. तो पाठीवर आपटला, दांडा हातातून सुटला आणि यंत्र उतारावरून त्याच्याच पायावर आलं.

निरोप मिळाला तशा ताई धावत आल्या. भावजय छोटूला घेऊन रुग्णालयात गेली होती. मागच्या दारी कुणी नव्हतं. यंत्र आडवं पडलेलं, त्याच्या पोटात गवताचा लगदा आणि बुटाचा एक तुकडा. ताईंनी त्या तुकड्याकडे पाहिलं, मग दांड्याकडे. पिशवीतून कात्री काढून त्यांनी पट्टा कापला आणि पिशवीत कोंबला. आपण हे का करतोय, असा विचारसुद्धा त्यांनी केला नाही. हातांनी करून टाकलं.

छोटूच्या उजव्या पायाची दोन बोटं गेली.

दुसऱ्या दिवशी भावजयीने कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने यंत्र तपासलं, कडी दाबून सुरू केलं, मग कडी सोडली. पातं थांबलं.

“यंत्र ठणठणीत आहे. हात सोडला की थांबतं. साहेबांनी कडी धरूनच ठेवली असणार.”

आठवडाभराने छोटू घरी आल्यावर भावजयीने हे त्याला सांगितलं, तेव्हा ताई समोरच बसल्या होत्या.

“कसली कडी?” छोटू म्हणाला.

“कसली कडी म्हणे! दोन वर्षं रोज धरताय ती!”

“मी कसलीही कडी धरत नव्हतो. आणि मी हात सोडला होता. मला चांगलं आठवतंय.”

 भावजयीने ताईंकडे पाहिलं, आणि त्या नजरेचा अर्थ ताईंना कळला. दोघा भावंडांच्या वडिलांचं शेवटी असंच झालं होतं. आधी किल्ल्या विसरले, मग रस्ता, मग पोरांची तोंडं.  आत्ता बोलावं, असं त्यांच्या अगदी जिभेवर आलं. “चहा करू का?” असं विचारून त्या उठल्या.

मग सगळं भराभर होत गेलं. भावजयीने गाडीच्या किल्ल्या लपवल्या. गॅसपाशी जायला बंदी केली. रोज सकाळी ती छोटूला विचारायची, आज वार कुठला, काल जेवायला काय होतं. डॉक्टरांकडे नंबर लावला. छोटू आधी चिडायचा, मग चेष्टा करायचा, मग घाबरून उत्तरं द्यायला लागला. एकदा गुरुवारला शुक्रवार म्हणाला आणि दिवसभर कुणाशी बोलला नाही. रोज येणाऱ्या ताई हे सगळं बघत होत्या.

छोटू घरी येऊन तीन आठवडे झाले, तेव्हा एकदा भावजय आत असताना त्याने ताईंना जवळ बोलावलं.

“ताई, खरं सांग. माझं बाबांसारखं होतंय का गं? मला ती कडी डोळ्यांसमोरच येत नाही. किती आठवतो, पण नाहीच येत.”

ताईंना ते ऐकवेना. त्यांनी भावजयीला हाक मारून बाहेर बोलावलं आणि दोघांसमोर सांगून टाकलं. पट्टा कुणी शिवला, का शिवला, कुणी कापला, सगळं. पट्टा अजून पिशवीतच होता. त्यांनी तो टेबलावर ठेवला.

छोटूने तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

“म्हणजे मी हात सोडला होता,” तो म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला, की ताईंना वाटलं, निभावलं. “बघ, मी सांगत होतो की नाही? सोडला होता!”

भावजय मात्र उभीच होती. “ताई, पायाचं मी समजू शकते. तुम्ही काही मुद्दाम केलं नाहीत. पण तीन आठवडे मी ह्यांना लहान पोरासारखे वार विचारत होते. आणि तुम्ही इथे बसून चहा पीत होतात.”

 छोटूच्या चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू मावळला. पट्टा खाली ठेवून त्याने विचारलं, “आणखी कुणाला शिवून दिलेस?”

“तिघांना.”

त्याने काठी घेतली. “चल.”

पहिल्या दोन घरी काम सोपं होतं. ताईंनी सांगितलं, लोकांनी कानाला हात लावले, पट्टे कापले गेले. तिसऱ्या घरी निवृत्त पोस्टमन राहायचा, संधिवाताने बोटं वाकडी झालेला.

“राहू द्या हो ताई. दोन वर्षं झकास चाललंय. ती कडी दाबत बसलो तर माझं गवत छातीला लागेल.”

ताईंनी समजावून पाहिलं. तो हसत होता. तेव्हा इतका वेळ फाटकाशी उभा राहिलेला छोटू पुढे आला, पायरीवर बसला, चप्पल काढून त्याने पट्टी सोडली आणि पाय समोर धरला.  पोस्टमनने पाहिलं, मान फिरवली आणि आत जाऊन स्वतःच सुरी घेऊन आला.

परतताना छोटू मागे पडू लागला. ताई थांबल्या. तो पोचला की चालायच्या, तो मागे राहिला की पुन्हा थांबायच्या. असं तीनदा झालं.

“माझ्यासाठी थांबू नकोस,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, पण माया पण नव्हती. “तू हो पुढे.”

 ताई पुढे झाल्या. मागून काठीचा आवाज येत होता. आपल्या घराकडे वळल्यावर त्यांनी कान देऊन ऐकलं. काठी न थांबता सरळ निघून गेली.