कोर्स किती दिवसांचा?

नवी मुंबईतल्या उलव्यात डॉ. चंद्रशेखर यांचं अक्षर लागणारा मी एकटाच. त्याला अक्षर म्हणणं हाही लोकांचा चांगुलपणा. गेली अकरा वर्षं त्यांच्या दवाखान्याच्या बरोबर खाली माझं मेडिकल आहे आणि त्यांच्या रेघोट्यांमधून मी नेमकी गोळी शोधून काढतो. त्यांच्या पत्नी वैजयंतीताईसुद्धा, डॉक्टरांनी भाजीची यादी केली की फोटो काढून मला पाठवतात आणि 'हे काय आहे हो भगवानराव?' म्हणून विचारतात. मी आजवर एकदाही चुकलेलो नाही. गर्व आहे मला त्याचा, असू दे.

गुरुवारी दुपारी चार वाजता डॉक्टर स्वतः दुकानात आले. हा माणूस कधी जिना उतरून येत नाही. त्यांची रिसेप्शनिस्ट सोनम वरून ओरडते आणि मी खालून ओरडतो, तेवढाच आमचा संबंध. काउंटरवर तेव्हा फक्त चांगुणाबाई होत्या, बीपीच्या गोळ्या घ्यायला आलेल्या. नांदेडकडच्या, इथे मुलाकडे राहतात.

"भगवान, एवढं वाचून मोबाइलवर टाइप करून दे," डॉक्टरांनी कागद पुढे केला. "सहाच्या आत पाठवायचंय, नाहीतर पहिल्यापासून करावं लागेल."

प्रकरण मला थोडंफार माहीत होतं. सकाळी ते ज्या हॉस्पिटलला जातात, तिथे सगळ्या डॉक्टरांना एक ऑनलाइन कोर्स सक्तीचा केला होता. ताण आला तर काय करायचं, खचलात तर पुन्हा उभं कसं राहायचं, वगैरे. ज्याला श्वास घ्यायला फुरसत नाही त्याला रोज तासभर बसवून श्वास घ्यायला शिकवायचं, ही अक्कल कुणाची, कोण जाणे! डॉक्टरांनी त्यावर तोड काढली होती. पेशंट तपासताना बाजूला व्हिडिओ लावून ठेवायचा. त्यातली बाई "डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या" म्हणाली की समोरचा पेशंट मुकाट डोळे मिटायचा. चांगुणाबाईंनी असे तीन धडे पूर्ण केले होते.

"माजं बीपी उतरलं की त्यानं," त्या म्हणाल्या.

शेवटच्या धड्याला मात्र डॉक्टर अडकले. 'मला सध्या कसं वाटतं' हे हाताने लिहून फोटो पाठवायचा होता. कॉम्प्युटरने 'मजकूर वाचता आला नाही' म्हणून तो दोनदा परत केला. तिसऱ्यांदा सांगितलं, जवळच्या व्यक्तीकडून वाचून टाइप करून घ्या.

"जवळची व्यक्ती म्हणजे वैजयंतीताई ना?" मी म्हटलं.

"तिला कुठे लागतं माझं अक्षर? तू जवळ आहेस. एक जिना खाली."

मी चष्मा लावला आणि सवयीने मोठ्याने वाचायला लागलो. कागद मराठीत होता, पण हाताला जे वळण लागलंय ते थोडंच जातं? डॉक्टरांनी मनातलंही औषधाच्या चिठ्ठीसारखंच लिहिलं होतं.

"थकवा, एक-एक-एक. चिडचिड, एक-शून्य-एक, जेवणाआधी. भूक, अर्धी. झोप..." तिथे नुसती फुली होती. "रडू, एसओएस."

एसओएस म्हणजे गरज पडेल तेव्हा. माझा हात मागच्या रॅककडे निघाला होता, तो अर्ध्यावरच थांबला.

"माजीच चिठी हाय का रं ही?" चांगुणाबाईंनी विचारलं. "समदं बरोबर लिवलंय."

डॉक्टर भिंतीवरची खोकल्याच्या औषधाची जाहिरात वाचत होते. चार वर्षं ती तिथेच आहे.

शेवटची ओळ मी मनातच वाचली. 'उद्यापासून दवाखाना बंद.'

"हे खरंय?" मी हळूच विचारलं.

"लिहायला बसलो आणि तेच आलं हातातून. अजून घरीही बोललो नाही." ते माझ्याकडे बघत नव्हते. "मला आता नाही होत, भगवान. संपवतो सगळं काम."

आधी मला त्यांचा राग आला. मग स्वतःची भयंकर लाज वाटली. अकरा वर्षं या माणसाच्या चिठ्ठ्या वाचतोय, आणि एकदाही 'डॉक्टर, तुम्ही कसे आहात?' म्हणून विचारलं नाही. समजूत घालणं मला जमत नाही. मला एकच काम येतं, चिठ्ठीत काही राहिलं असेल तर डॉक्टरांना विचारायचं.

"चिठ्ठी अपुरी आहे, डॉक्टर."

"आता काय राहिलं?"

"बंद, उद्यापासून. कळलं. पण किती दिवस? दिवस लिहिले नसतील तर कोर्स द्यायचा नाही, असा तुम्हीच मला दम दिलाय."

आता ओरडणार, असं मला वाटलं. एक-शून्य-एकमधला संध्याकाळचा डोस अजून बाकीच होता. पण त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. एकदा, मग पुन्हा एकदा.

कागद कुणाचा, ते चांगुणाबाईंना एव्हाना कळलं होतं. त्यांनी बाकावर सरकून डॉक्टरांना जागा करून दिली.

"पंधरा दिस लिवा," त्या म्हणाल्या. "आन मग परत दाखवाया या. आमाला तेच सांगता की."

डॉक्टर बसले.

"लिही," ते शेवटी म्हणाले. "पंधरा दिवस."

मी टाइप करून पाठवलं. मोबाइलने लगेच रंगीत फुगे सोडून अभिनंदन केलं. डॉक्टरांनी ते पाहिलंही नाही. ते वैजयंतीताईंना फोन लावत होते.

शुक्रवारी सकाळी दवाखान्याच्या दारावर डॉक्टरांच्या हातचा कागद लागला. अर्थातच तो कुणालाही लागेना. रात्रीपर्यंत चाळीसेक माणसं जिना उतरून माझ्याकडे आली, आणि मी प्रत्येकाला तो मोठ्याने वाचून दाखवला.

'डॉक्टर दमले आहेत. पंधरा दिवस विश्रांती. मग परत दाखवायला येतील.'

दर वेळी शेवटची ओळ मी दोनदा वाचली, आणि चुकलो एकदाही नाही.