हप्त्याहप्त्यानं

थोरलीला स्वतःचेच पैसे मागता येत नाहीत, हे आईचं रोजचं गाऱ्हाणं. दवाखान्यात जादा पाळ्या करून साठवलेली सगळी रक्कम तिनं त्या सोफेवाल्याला दुकान घालायला दिली, तेव्हा दोघांचं लग्न ठरल्यातच जमा होतं. पुढे त्यानं दुसरीशी संसार मांडला. थोरलीनं हूं की चूं केलं नाही. आता दर महिन्याला जाऊन चिमणीच्या चोचीएवढा हप्ता तेवढा घेऊन येते. दवाखान्यातल्या औषधवाल्यानं, चांगल्या शहाण्या माणसानं, लग्नाचं दोनदा विचारलं, तर म्हणते, आधी जुना हिशेब मिटू दे. असल्या वसुलीत जन्म जायचा.

शेवटी थोरली कामावर गेल्यावर आईनंच चपला घातल्या.

सोफेवाला पालथ्या कोचाला कापड ठोकत होता. आईनं उंबऱ्यातूनच सुरुवात केली. लाज विकून खाल्लीस का, इथपासून तुझ्या सात पिढ्यांत कुणी देणं फेडलंय का, इथपर्यंत सगळं झालं. तोंडात खिळे धरलेला माणूस उत्तर काय देणार? त्यानं एकेक खिळा तळहातावर काढला, फळीवरून एक पुडकं आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं. राहिलेली सगळी रक्कम त्यात होती. केव्हाचे बांधून ठेवलेत, म्हणाला. तीच घेत नाही. इतकेच द्या म्हणते, घटकाभर बसते, पाणी पिते आणि जाते.

"मग हातात कोंबायचे होतेस."

"कोंबले एकदा, आई. रडायला लागली."

आतून त्याची बायको आली. बाई गरीब स्वभावाची दिसत होती, हेही आईला खुपलं. ताई आल्या की मी आतच थांबते, असं ती खाली बघत म्हणाली. त्यांच्या मनात वाईट काही नाही, ते मला कळतं.

"पण आज हे तुम्ही न्याच."

पुडकं पिशवीत टाकून आई निघाली. वाटेत पोटभर रागवायचं होतं, पण कुणावर ते ठरेना.

संध्याकाळी थोरली आली, हातपाय धुतले आणि पलंगावर पडलेलं पुडकं तिला दिसलं. तिनं ते उघडलं नाही. कुणी आणलं, तेही विचारलं नाही. ओला टॉवेल तसाच हातात धरून ती हलक्या आवाजात म्हणाली,

"काही म्हणाले का?"

म्हणाले. आईच्या कानाला तो शब्द खटकला. लग्न ठरत होतं तेव्हा ही पोर त्याला सगळ्यांसमोर अरेतुरे करायची. बायका नवऱ्याचं नाव टाळून बोलतात तसलं हे 'म्हणाले' तिच्या तोंडात कधी येऊन बसलं, घरात कुणाला कळलंच नव्हतं.

आईनं तिच्या हातातला टॉवेल काढून घेतला. ओरडायचं ठरवून तोंड उघडलं, पण आवाज चढेना.

"पैसे मागायला एकदाही चुकली नाहीस गं," ती म्हणाली. "माणूस मागायचा होता, तेव्हा मात्र गप्प बसलीस."