आटलेला हौद

“खरं सांगा, हे पाणी तुम्ही ओढ्यात सोडून देता का?”

नव्या इंजिनिअरबाईंनी हे विचारलं तेव्हा पंपवाला हौदाच्या काठावर उकिडवा बसून जाळीत अडकलेला चिखल बोटांनी काढत होता. आपण नीट ऐकलं ना, अशा नजरेने त्याने वर पाहिलं.

“मी? ओढ्यात?”

“महिन्याभरापूर्वी हौद काठोकाठ असायचा. आता पंपात हवा शिरतेय. मग पाणी गेलं कुठे?”

“जाणार कुठे, मॅडम? पाझर कमी झाला. मी चर साफ केला ना!”

“चर साफ केल्यावर हौदात पाणी जास्त यायला हवं. कमी कसं होईल?”

हा प्रश्न पंपवाल्याला महिनाभरात कुणी विचारला नव्हता. त्याने स्वतःलाही विचारला नव्हता.

वर, टेकडीएवढ्या मातीच्या बांधामागे, खाणीचं गाळाचं तळं होतं. दगड दळून, धुऊन धातू काढला की उरणारा राखाडी गाळ तिथे साठवत. बांधातून जे पाणी झिरपे ते पायथ्याच्या चरात उतरून हौदात येई आणि पंप ते पुन्हा वर तळ्यात फेकी. त्यातला थेंबही खालच्या वस्तीकडे जाऊ नये, एवढंच पंपवाल्याचं काम. त्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि गेलं ते काही वाईट गेलं असं त्याला वाटत नव्हतं. हौद उतरला तेव्हा मोठ्या साहेबांनी येऊन त्याची पाठ थोपटली होती. त्याचा फोटो कचेरीतल्या फळ्यावर लागला होता.

आणि त्याच संध्याकाळी तो बहिणीकडे गेला होता.

ताईचं घर वस्तीत सगळ्यांत वरच्या अंगाला, बांधाच्या बाजूला. अंगणात तिची स्वतःची विहीर. पण तळं भरायला लागलं तसं तिने विहिरीचं पाणी तोंडाला लावणं सोडलं होतं. ती टँकरचं पाणी आणायची. दूधवाल्याच्या कॅनचं झाकण उघडून वास घेतल्याशिवाय दूध न घेणारी ती बाई.

“ताई, आता निर्धास्त पी,” तो म्हणाला होता. “गळती थांबली. माझा शब्द.”

मग तिने विहिरीवर जाऊन बादली सोडली होती.

इंजिनिअरबाई निघून गेल्यावर पंपवाला हौदापाशीच बसून राहिला. त्याला आधी बाईंचाच संशय आला. आपल्याला काढून स्वतःचा माणूस आणायचा असेल. मग त्याला दुसऱ्या पाळीच्या तात्याचा संशय आला. पाळी बदलताना त्याने सरळच विचारलं, “तू पंप जास्त चालवतोस का रे?”

तात्या हसतच सुटला. “अरे बाबा, पंप चालू करायचा मला कंटाळा, हे सगळ्या खाणीला ठाऊक आहे. जास्त काम करतो असा आळ माझ्यावर जन्मात पहिल्यांदा येतोय. घरी सांगतो, बायको पेढे वाटेल!”

पंपवाल्याला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी हौदातून ओढ्याकडे उघडणाऱ्या झडपेला सील ठोकलं. त्याच्या डोळ्यांदेखत. त्याला ते झोंबलं.

“मॅडम, एवढा अविश्वास?”

“एक तर तुम्ही खोटं बोलताय,” त्या म्हणाल्या, “नाहीतर पाण्याने दुसरी वाट धरलीय. बांधाच्या खालून. चर, हौद सगळं चुकवून.” सीलची तार पिळता पिळता त्या थांबल्या. “तुम्हीच खोटं बोलत असाल तर बरं, असं मला वाटतंय.”

बाईंनी रंगाची पूड मागवली. डब्यात शेंदरी दिसणारी, पाण्यात पडली की पोपटी होणारी. ती तळ्याच्या काठाला ओतायची आणि खाली कुठे उगवते ते पाहायचं. ओतायला दोघं मिळून गेले, कारण एकट्याने जाऊ द्यावं इतका भरवसा दोघांनाही एकमेकांचा नव्हता.

“हे विषारी नाही ना?”

“नाही.”

“बहिणीला सांगून ठेवतो.”

“कुणालाच सांगायचं नाही. वस्तीत कळलं आणि कुणी मुद्दाम विहिरीत रंग टाकला, तर मग काय सिद्ध करणार आपण?”

त्याला ते पटलं. पटलं याचंच त्याला वाईट वाटलं.

संध्याकाळी तो ताईच्या ओट्यावर जाऊन बसला.

“ताई, थोडे दिवस टँकरचंच पाणी पी.”

“का रे?”

“उगीच.”

“महिन्यापूर्वी ‘माझा शब्द’ म्हणालास. आज ‘उगीच’ म्हणतोस. दोघांतला कोणता भाऊ खरा धरू?”

“ऐक ना माझं.”

“कारण सांग, ऐकते.”

ताई आत गेली, पेला भरून आणला आणि त्याच्यासमोर उभी राहून सगळा प्यायली. पेला पालथा करून तिने ओट्यावर ठेवला. त्याने मान खाली घातली.

त्यानंतर तो रोज येऊ लागला. कधी रहाटाला तेल घालायला, कधी नुसताच. आला की विहिरीत वाकून पाही.

“काय हरवलंय तुझं तिथे?” ताई विचारी. “चोरासारखा काय डोकावतोस?”

शेजारणीही बघत होत्या.

हौदात रंग आलाच नाही. जे काही थोडं पाणी जमत होतं ते होतं तसंच मातकट. विहिरीतही काही दिसत नव्हतं, म्हणून पंपवाल्याला बरं वाटू लागलं होतं. अशाच एका दुपारी त्याने ताईच्या विहिरीतून बादली काढली, पाणी काचेच्या बाटलीत भरलं आणि उन्हात धरलं.

बाटलीत पोपटी झाक होती. त्याने बाटली हलवली, पुसली, पुन्हा धरली. झाक होतीच.

“अगं बाई, पाणी हिरवं झालं!” कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, आणि बघता बघता अंगण भरलं.

“हाच रोज डोकावत होता!”

“खाणीचा माणूस आहे. टाकलं असणार काहीतरी.”

“रंग तळ्यात टाकला होता,” पंपवाला म्हणाला. “इथे आला याचा अर्थ...”

“म्हणजे टाकलाच ना? स्वतःच्या तोंडाने सांगतोय बघा!”

एकाने त्याची कॉलर धरली. बाटली त्याच्या हातात तशीच होती, ती सांडू नये म्हणून त्याने हात वर धरला होता.

“सोड त्याला.” ताई घरातून बाहेर आली होती. “मीच सांगितलं होतं रंग टाकून बघ म्हणून. माझी विहीर, माझा भाऊ. तुम्हाला विचारून करायचं होतं काय?”

कॉलर सुटली. ताईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. लोक कुजबुजत कुंपणापर्यंत मागे सरले, गेले मात्र नाहीत.

निरोप मिळताच इंजिनिअरबाई आल्या. त्यांनी स्वतः पाणी काढलं, उन्हात पाहिलं आणि विहिरीच्या कठड्यावर टेकून बसल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. बांध आणि वस्ती यांच्यामध्ये ओळीने बोअर घेऊ, पाझर तिथेच उपसून वर पाठवू. वाट सापडली, म्हणजे अडवता येईल. खालच्या विहिरी वाचतील.

“आणि ही?” ताईने विचारलं.

“ही बंद ठेवावी लागेल.”

“किती दिवस?”

“वर्ष, दोन वर्षं. आत्ता सांगता येत नाही.”

“मी प्यायले त्याचं काय?”

“तुमचं रक्त तपासून घेऊ. उद्याच.”

ताईने मान हलवली. भावाकडे तिने पाहिलं नाही. बाईंच्या माणसांनी विहिरीवर पत्रे टाकले, त्यावर दगड ठेवले. जाता जाता बाई पंपवाल्यापाशी थांबल्या. “नवे पंप तुम्हीच सांभाळा,” त्या हळूच म्हणाल्या.

खाली टँकरचा भोंगा वाजला. ताईने स्वयंपाकघरातून हंडा आणला. पंपवाला पुढे झाला.

“दे, मी आणतो.”

तिने हंडा कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतला. “राहू दे. पंपाकडे बघ जा.”

रांग बरीच लांब होती. ती शेवटी हंडा खाली ठेवून उभी राहिली आणि तो दोन पावलं मागे. रांग सरकली तसा तिने हंडा पायाने थोडा पुढे ढकलला.