किल्लेदाराची तलवार

मी तलवार बोलून राहिली. लाकडाची. जन्म भंडाऱ्याचा, सागाच्या तुटक्या फळीतून. वरून चांदीचा रंग.

मले बनवलं तेजराम सरांनी. ते कॉलेजात इतिहास शिकवत. आमच्या डोंगरावरच्या किल्ल्याचे जुने कागद त्यांनी वाचले, तर त्यात लढाईच नव्हती. धान्य संपल्यावर किल्लेदारानं शत्रूले तलवार देऊन टाकली, म्हणून खालचं अख्खं गाव जिवंत राहिलं.

"पुस्तकात लिहिलं तर वाचते कोण?" सर म्हणाले. म्हणून त्यांनी दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाटक, लिहिली आन् शेवटच्या प्रवेशासाठी मले केलं. माझं काम एकच. मुकाट्यानं या हातातून त्या हातात जायचं.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर, गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, भर दुपारी खेळ झाला. किल्लेदार झाला होता भैय्याजी, गावचाच धानवाला शेतकरी. त्यानं मले पुढं केलं, तशी समोरून शकुनबाई ओरडली, "काहून देऊन राहिला रे? हाण त्याले!"

भैय्याजीनं एकदा सरांकडं पाहिलं, एकदा पब्लिककडं. आन् हाणली. शत्रू पडला. वन्समोर आला. शत्रू उठून पुन्हा पडला.

सर पडद्याआडून पाहत होते. इतिहास ऐकायले एवढे लोक त्यांच्या जन्मात आले नव्हते. उद्या समजावून सांगू, म्हणाले. उद्या दिघोरीच्या मंडईचं बोलावणं आलं.

मी वर्षानुवर्षं जिंकत राहिली. मग दंडार बंद पडली आन् गावकऱ्यांनी मले देवळात टांगलं, किल्लेदाराची खरी तलवार म्हणून. दसऱ्याच्या पूजेले सरांले बोलावलं.

"अरे, लाकडाची आहे ही! मीच रंगवली."

"त्या काळी लाकूडच मजबूत राहे, सर," शकुनबाई म्हणाली.

"लढाई झालीच नाही, बाई. त्यानं तलवार दिली, म्हणून तुमचे पणजे वाचले."

गर्दीतून एक जण पुढं आला.

"म्हणजे आमचे पणजे भेकड होते म्हणता?" भैय्याजीनं विचारलं. आवाज अजून किल्लेदाराचाच होता.

सर समजावून सांगायले लागले. तेवढ्यात खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. जाताना त्यांनी मले हात जोडले. लोकांले वाटलं, भक्ती आहे. मले माहीत आहे, ते माफी मागून राहिले होते. पुन्हा काही आले नाही.

आता मले वाळवी लागली. गावकरी पाहुण्यांले भोकं दाखवतात, लढाईतले घाव म्हणून. तुम्ही कधी आले तर पाया नका पडू, मले हातात घेऊन पाहा, किती हलकी आहो ते. पण लवकर या. सरांचं म्हणणं या गावात आजवर फक्त वाळवीले पटलं, आन् ती मले खाऊन राहिली.